नागपूरच्या उन्हात अकरा महिने: ट्यूडर ब्लॅक बे ५४

मागच्या धनत्रयोदशीच्या आठवड्यात मुंबईहून ट्यूडर या स्विस कंपनीचं हे घड्याळ आणलं. त्यासाठी तीन वर्षं भिशीचे पैसे बाजूला टाकत होते. तेव्हापासून एक हिवाळा, एक पूर्ण उन्हाळा आणि जवळजवळ अख्खा पावसाळा ते माझ्या हातावर आहे.

आधी माझं मनगट सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं: १५ सेंटिमीटर. घड्याळाच्या दुकानात बाई शिरली की खडे लावलेली, सेलवर चालणारी घड्याळं समोर येतात. पुरुषांचं ४१-४२ मिलीमीटरचं घालून बघितलं तर हातावर वाटीचं झाकण ठेवल्यासारखं दिसतं. माझ्या डोळ्यांत बसलेलं घड्याळ म्हणजे बाबांचं एचएमटी जनता. सतरा ज्वेल्सचं, पांढऱ्या तबकडीचं. बाबा पेपर उघडायच्या आधी त्याला चावी देत, आणि मी शाळेत जायला लागले तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. घड्याळ हातावर किती जागा घेतं, शर्टाच्या बाहीखाली कसं सरकतं, हे मला त्या जनतावरून कळलं. म्हणून ‘जुन्या मॉडेलवरून नवीन’ असं कुणी म्हटलं की मी रंग नाही बघत, आधी माप बघते.

ट्यूडरने डायव्हिंगसाठी पहिलं घड्याळ १९५४ साली काढलं, मॉडेल क्रमांक ७९२२, १०० मीटर पाण्यापर्यंत चालणारं. त्याच्यावरून २०२३ मध्ये हे ५४ आलं आणि त्यांनी आकार जुनाच ठेवला: ३७ मिलीमीटर. जाडी ११ मिलीमीटरच्या थोडी वर. आधीच्या ब्लॅक बे ५८ ची तबकडीही सुंदर आहे, पण ३९ मिलीमीटर माझ्या हाताच्या कडांना टेकतं. हे टेकत नाही. काचेभोवतीच्या फिरणाऱ्या कड्यावर पहिल्या पंधरा मिनिटांच्या बारीक रेघा नाहीत, ७९२२ वरही नव्हत्या. त्या नसल्यामुळे तबकडी मोकळी वाटते. संध्याकाळी दिव्याखाली धरलं की काळ्यावरची सोनेरी अक्षरं उबदार दिसतात; दिवसा ऑफिसच्या ट्यूबलाइटमध्ये तीच अक्षरं जेमतेम उठतात. मी रोज दोन्ही बघते आणि मला दोन्ही हवंसं वाटतं.

आता उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मनगट दुपारी फुगतं, हे घड्याळ घालणाऱ्या प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. सकाळी नीट बसलेली चेन बारा वाजता करकचते. इथे हिच्या बकलने मला जिंकलं. आत सरकणारी सोय आहे, पाच जागा, एकूण ८ मिलीमीटर, आणि त्यासाठी ना पिन लागते ना पेचकस. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली की मी अंगठ्याने एक घर सैल करते, रात्री कूलरसमोर बसले की परत आत घेते. डिसेंबरात सगळ्यात आतल्या घरावर होतं, मेमध्ये शेवटून दुसऱ्यावर. अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त वेळा मी जर कशाला हात लावला असेल तर या बकलला.

वेळ चांगली पाळतं. फोनशी जुळवून महिनाभर वहीत टिपण ठेवलं: दिवसाला सरासरी दोन सेकंद पुढे. हातातून काढून ठेवल्यावर ते ७० तास चालतं, असं कंपनी सांगते. मी शुक्रवारी रात्री आठला काढून ठेवलं आणि सोमवारी सकाळी दहाला ते चालू होतं. आतली केसासारखी स्प्रिंग सिलिकॉनची आहे, त्यामुळे तिच्यावर लोहचुंबकाचा परिणाम होत नाही. बाबांचं जनता एकदा स्पीकरजवळ राहिलं आणि दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे पळायला लागलं, तेव्हा ते दाखवायला महाल भागात दोन फेऱ्या झाल्या होत्या. पाण्याचं विचारायलाच नको, २०० मीटर. तर्री-पोहे खाताना चेनवर तर्री सांडली, तशीच नळाखाली धरून साबण आणि जुन्या ब्रशने धुतली. फक्त चावी पूर्ण आवळलेली आहे ना, ते आधी बघायचं.

एक वाईट अनुभव. चेनच्या कड्या कमी करायला मी घाईत जवळच्या एका दुकानात गेले. त्यांच्याकडे बारीक पेचकस नव्हता, तरी लावून बघितला आणि घसरला. आतल्या बाजूला बोटभर ओरखडा आहे, कुणाला दिसत नाही, मला रोज दिसतो. या कड्यांना पिना नाहीत, स्क्रू आहेत. घ्याल तिथूनच कड्या काढून घ्या.

आता जे पटत नाही ते. तासकाट्याच्या टोकाचा चौकोन, ज्याला सगळे स्नोफ्लेक म्हणतात, तो ट्यूडरने १९६९ मध्ये आणला. १९५४ च्या घड्याळावर तो नव्हता. म्हणजे अंग एका काळाचं आणि हात दुसऱ्या काळाचे. तीच गोष्ट चेनच्या कडेला दिसणाऱ्या खिळ्यांची. जुन्या चेनमध्ये पत्रा दुमडून केलेल्या कड्या खरोखर त्या खिळ्यांनी धरलेल्या असत; आता कड्या भरीव आहेत आणि खिळे शोभेचे. जुन्यातलं जे कामाचं होतं ते घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. ३७ चं माप कामाचं होतं, रेघा नसलेलं कडं कामाचं होतं. खिळ्यांचं काम संपलं, तर खिळे जाऊ द्यावेत.

म्हणून पुढे काय यावं, याचा मी बराच विचार केला आहे. पहिलं म्हणजे चावीचं ट्यूडर. ऑटोमॅटिकचा फिरता वजनाचा भाग काढला की घड्याळ बारीक होतं, साडेनऊ मिलीमीटरच्या आसपास यावं. ३४-३५ चा आकार, तारीख नको, आणि तबकडीवर ढालीऐवजी गुलाब. गुलाब ही त्यांची जुनी खूण, २०१२ च्या पहिल्या ब्लॅक बेवर होती, नंतर ढाल आली. माझ्या घड्याळात तो चावीच्या टोकावर कोरलेला उरला आहे. दुसरं, गजराचं अ‍ॅडव्हायझर. मूळ १९५७ चं. २०११ मध्ये परत काढलं ते ४२ मिलीमीटरचं. तेच ३७ मध्ये आलं तर मी पुन्हा भिशी लावेन. बाबांच्या आठ वाजताच्या गोळीसाठी फोनचा गजर मी निम्म्या वेळा न बघता बंद करते. मनगटावर थरथरणारी घंटी चुकणार नाही.

ज्यांचं मनगट १७ सेंटिमीटरच्या वर आहे त्यांनी ५४ आणि ५८ दोन्ही घालून आरशात बघा, हातावर वरून बघून अंदाज चुकतो. आणि शक्य असेल तर दुपारी बघायला जा, मनगट फुगलेलं असताना.