काटा शून्याजवळ होता, आणि माझे ४३० पौंड गेले

गेल्या जानेवारीत आम्हाला एका बॉयलरवाल्याने फसवलं. इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या आपल्या लोकांवर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

आम्ही रेडिंगला राहतो. घरात कॉम्बी बॉयलर आहे. स्वयंपाकघरातली ही एकच पेटी नळाला गरम पाणीही देते आणि रेडिएटरही तापवते, वेगळी टाकी नसते. माहेरी नाशिकला आधी बंब होता, मग गीझर आला. त्यामुळे या पेटीवरची दोन गोल बटणं आणि एक काटा यांचं काम काय, हे चार वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी वरच्या खोलीतला रेडिएटर वरच्या बाजूला गार लागत होता, म्हणून ह्यांनी किल्लीने त्यातली हवा काढली. रविवारी सकाळी घर गारठलेलं आणि बॉयलरवर एफ २२ अशी अक्षरं. बाहेर उणे तीन, घरात सात महिन्यांचं बाळ आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. नेटवर सगळ्यात वर दिसला तो नंबर मी लावला.

तासाभरात माणूस आला. बोलायला गोड. ओळखपत्र मी मागितलं नाही. बाळाला घेऊन बाहेर बसा म्हणाला आणि दार लोटून घेतलं. आतून अर्धा-एक मिनिट सूंऽऽ असा आवाज आला, बारीक फटीतून पाणी जोरात घुसावं तसा. त्यानंतर वीस मिनिटं सामसूम. मग त्याने हाक मारली. बॉयलर चालू होता. सर्किट बोर्ड गेला होता, नवा बसवला म्हणाला. येण्याचे ९० आणि बोर्डाचे ३४० पौंड. जुना बोर्ड दाखवा म्हटलं, तर तो कंपनीला परत द्यावा लागतो म्हणे. पैसे मी मोबाइलवरून थेट त्याच्या खात्यात टाकले. सासूबाई मागून म्हणत होत्या, "अगं, पक्की पावती तरी घे." त्याने कागदावर आकडा लिहून दिला, खाली सही. जाताना दोन्ही बटणं पूर्ण उजवीकडे फिरवली आणि यांना हात लावाल तर वॉरंटी जाईल, असं बजावलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा रेडिएटरची हवा काढली आणि पुन्हा एफ २२. या वेळी मंडळातल्या एका काकांना फोन केला. ते आले आणि आधी बोट काट्यावर ठेवलं. "हे बघ, शून्याजवळ आलाय. हवेबरोबर पाण्याचा दाबही गेला, म्हणून तो बंद पडलाय." बॉयलरच्या खाली चंदेरी विणीची एक नळी आहे, दोन्ही टोकांना छोटे कॉक. त्याला फिलिंग लूप म्हणतात. काकांनी दोन्ही कॉक हळूच उघडायला सांगितले. मी उघडले आणि तोच आवाज आला. सूंऽऽ. माझ्या हातापायांतलं बळच गेलं. काटा १.२ बारवर (बार हे दाबाचं माप) आला, कॉक बंद केले, बॉयलर आपोआप सुरू झाला. एक पौंडसुद्धा खर्च नाही.

मार्चमध्ये रीतसर नोंदणी असलेल्या बाईंकडून सर्व्हिसिंग करून घेतलं. त्यांनी पेटी उघडून बोर्ड दाखवला. जुनाच होता, बॉयलरबरोबर आलेला.

बॉयलर थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. तापल्यावर थोडा चढतो, ते ठीक. ३ बारच्या आसपास गेला तर सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो, म्हणून भरताना नजर काट्यावरच ठेवा आणि दोन्ही कॉक घट्ट बंद करा. काही बॉयलरना नळीऐवजी किल्ली किंवा लिव्हर असतो, पुस्तिकेत चित्र असतं. दर आठवड्याला पाणी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, तेव्हा मात्र माणूस बोलवा. आणि पेटीचं झाकण स्वतः कधीही उघडू नका.

नळाचं चित्र असलेलं बटण नळाच्या पाण्यासाठी, रेडिएटरचं चित्र असलेलं रेडिएटरमध्ये जाणाऱ्या पाण्यासाठी. खोलीतला थर्मोस्टॅट वेगळा. खोली किती तापली की थांबायचं, ते तो ठरवतो. त्या माणसाने रेडिएटरचं बटण ८० अंशांवर नेऊन ठेवलं होतं. हे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत वापरतात, पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली लागतं. आता आमचं बटण ६० वर आहे, घर उबदार आहे आणि गॅसही कमी जळतो. म्हणजे तो बिलातूनही आम्हाला लुटून गेला होता.

कडाक्याच्या थंडीत आणखी एका गोष्टीवरून गंडवतात. बॉयलरमधून बाहेर जाणारा प्लॅस्टिकचा बारीक पाइप गोठतो आणि बॉयलर बंद पडतो. त्यावर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, आणि रीसेट करायचं.

गॅसचं काम करणारा प्रत्येक जण गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेला असावा, असा इथला कायदा आहे. ओळखपत्रावर फोटो आणि परवाना क्रमांक असतो, मागे कुठली कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर घरात घेण्याआधीच तपासता येतो. मी नंतर शोधलं, त्याचं नाव तिथे नव्हतं. तक्रार केली आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. मी ते स्वतःहून खात्यात टाकले होते. १०० पौंडांवरचं काम असेल तर क्रेडिट कार्डाने द्या, १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट या कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडे दाद मागता येते.