बाळंतिणीच्या मनाची तपासणी: घरी सोडताना की दीड महिन्याच्या लसीला?

राधानगरी, गगनबावड्याकडून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आलेली बाळंतीण डिस्चार्जच्या दिवशी समोर असते, म्हणून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिनबर्ग प्रश्नावली (१० प्रश्न, ३० गुण) तेव्हाच भरून घेणं सोपं. पण पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि आपोआप ओसरतं. शिवाय खाटेशेजारी सासू उभी असताना 'मला काहीच नकोसं वाटतंय' हे कोणती सून बोलेल?

बाळाच्या दीड महिन्याच्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लसीपर्यंत खरं नैराश्य ओळखू येतं. अडचण एवढीच, की तोवर ती माहेरी असते आणि लस गावच्या उपकेंद्रात टोचली जाते. म्हणजे विचारायचं काम नर्सताई आणि ४२व्या दिवशी घरी येणाऱ्या आशाताईंवर येतं. तरीही माझं मत याच वेळेला. गुण १३ किंवा जास्त आले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. समुपदेशन असतंच, आणि गरज पडल्यास सर्ट्रालिनसारखं औषध डॉक्टर अंगावर पाजणाऱ्या आईलाही सहसा देऊ शकतात.

मात्र आधीचा मानसिक आजार आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे दोन प्रश्न घरी सोडतानाच, तिला एकटीला बाजूला घेऊन विचारायलाच हवेत. डिस्चार्ज कार्डावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही लिहून द्यावा.