निवासी महाविद्यालयातील तीन वर्षे: खोलीवाटपाची तक्रार वगळता समाधानी

नेहमीचे हॉस्टेल समजून निवासी महाविद्यालयासाठी, म्हणजे विद्यापीठातच एकत्र राहणाऱ्या-जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समूहासाठी, अर्ज करणाऱ्यांनी एवढे आधी लक्षात घ्यावे की येथे खोली दरवर्षी बदलते, पण महाविद्यालय पदवी मिळेपर्यंत तेच राहते. आमच्याकडे वर्ग, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची होती. राहणे, जेवणे, अभ्यासिका आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे महाविद्यालयाची होती. अमेरिकेतील येल विद्यापीठात अशी पहिली सात महाविद्यालये १९३३ साली उघडली, पुढे ती बारा झाली आणि २०१७ मध्ये आणखी दोन नव्यांची भर पडून चौदा झाली. अमेरिकेतल्याच राइस विद्यापीठात ही पद्धत १९५७ पासून असून, तेथे बाहेर खोली घेऊन राहणारा विद्यार्थीही आपल्या महाविद्यालयाचा सदस्यच राहतो.

या व्यवस्थेचे खरे बळ सरमिसळीत आहे. कोणी कोणत्या महाविद्यालयात जायचे हे आमच्या विद्यापीठात विषय न पाहता ठरत असल्यामुळे, पहिल्या वर्षी माझ्या जेवणाच्या टेबलावर शेवटच्या वर्षाची गणिताची विद्यार्थिनी, एक इतिहासवाला आणि वास्तुशास्त्राचे दोघे असत. संख्याशास्त्रात मी अडलो तेव्हा तिने ताट बाजूला सारून वहीच्या मागच्या पानावर मला प्रमाण विचलन समजावले, ते आजही विसरलेलो नाही. आवारातच सहकुटुंब राहणारे प्राध्यापक हा दुसरा मोठा आधार. मी तापाने सलग तीन दिवस जेवायला आलो नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि संध्याकाळी ते स्वतः दार वाजवून चौकशीला आले.

खोलीवाटपाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. खोली निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत ज्येष्ठ विद्यार्थ्यांना आधी निवड मिळते, हे मला मान्य आहे. परंतु दुसऱ्या वर्षी माझा क्रमांक येईपर्यंत फलकावरच्या नकाशात जवळजवळ प्रत्येक खोलीवर लाल फुली पडली होती आणि चौघांचा गट करून आलेल्या आम्हाला दोन वेगळ्या इमारतींत जावे लागले. गट फुटल्यास काय होईल, हे कार्यालयाने आधी लेखी कळवायला हवे होते. सुट्टीत खोली रिकामी करण्याचा नियमही दूरच्या विद्यार्थ्यांना जाचक होतो, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी सुट्टीतील मुक्कामाची आणि सामान ठेवण्याची सोय विचारून घ्यावी.

पुन्हा संधी मिळाली तर मी याच व्यवस्थेत राहीन, आणि या वेळी सोडतीला तिघांचाच गट करून जाईन.