ऑम्लेटसाठी छोटा नॉनस्टिक पॅन : जरूर घ्या, फक्त आच सांभाळा

ऑम्लेट आवडत असेल आणि वरचेवर होत असेल तर हा पॅन डोळे झाकून घ्या. 20 सेंटीमीटरचा आहे, म्हणजे साधारण 8 इंची, आणि 2-3 अंड्यांना एकदम परफेक्ट. मोठ्या पॅनमध्ये तेवढीच अंडी ओतली की पातळ पसरतात आणि कडेनं सुकून चामट होतात, यात थर जाडसर राहतो.

पण मला खरी आवडली ती याची कड. सरळ उभी नाहीये, बुडापासून वरपर्यंत गोलाकार चढत जाते, त्यामुळे उलथनं अलगद खाली सरकतं आणि घडी घातलेलं ऑम्लेट पॅन नुसता तिरका केला की ताटलीत उतरतं, कुठं फाटत नाही की चिकटत नाही. फ्रेंच ऑम्लेट करणाऱ्यांना तर हे फारच कामाचं, कारण ते बाहेरून पिवळंधमक, एकही तपकिरी डाग नाही आणि आतून ओलसर असं हवं असतं. बटरचा फेस बसायला लागला की फेटलेली अंडी ओतायची, लगेच ढवळत पॅन हलवत राहायचं आणि वरचा थर अजून चकचकीत दिसतोय तोवरच गॅस बंद करून गुंडाळायचं, उरलेलं आतल्या गरमीवर शिजतं. पांढरं साधारण 62 अंशांना घट्ट व्हायला लागतं आणि बलक 65 ते 70 च्या दरम्यान, मग मोठी आच हवीच कशाला? बूड जाड असल्यानं मध्यम आचेवर सगळीकडे सारखं तापतं, मध्येच करपलं आणि कडेला कच्चं असं होत नाही.

खरपूस लालसर ऑम्लेट आवडणाऱ्यांना मात्र मी चांगला मुरलेला लोखंडी पॅनच सुचवेन, तो खमंगपणा यात तसा येत नाही.

कोटिंगला जपावं लागतं. रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून विसरू नका, 260 अंशांच्या वर हे कोटिंग खराब व्हायला लागतं. स्टीलचं उलथनं नको, लाकडी किंवा सिलिकॉनचं वापरा, आणि गरम पॅन थेट गार पाण्याखाली धरू नका, बूड वाकतं. इंडक्शनवर हे मॉडेल चालत नाही, नुसतं ॲल्युमिनियम आहे, तेव्हा इंडक्शनवाल्यांनी बुडाला चुंबक चिकटतो का ते बघूनच दुसरा घ्या. हँडलचा स्क्रू पण वापरून सैल होतो, अधूनमधून आवळत राहा.