मेहुण्याच्या कार्डावर खेळलो आणि ५६,१८४ रुपये गेले: मांडवीवरच्या कॅसिनोत जाणाऱ्यांनी वाचा

हे लिहायला लाज वाटते. पण सावंतवाडी, कोल्हापूर, बेळगावकडची कितीतरी माणसं शनिवार-रविवारी पणजीला जातात आणि घरातल्याच कुणाचं तरी लॉयल्टी कार्ड, म्हणजे खेळाचे पॉइंट जमा करणारं कॅसिनोचं सदस्य कार्ड, खिशात घालून कॅसिनोच्या बोटीवर चढतात, म्हणून लिहितो. जुगार चांगला की वाईट हा वाद इथे नको. हरलेल्या पैशाबद्दल माझी तक्रार नाही, ते माझ्या हाताने गेले. तक्रार जिंकलेल्या पैशाची आहे.

कार्ड माझ्या मेहुण्याचं, तो बेळगावला असतो. स्वतःचं कार्ड काढायला दहा मिनिटं लागतात, ओळखपत्र आणि पॅन खिशातच होतं, तरी मी काढलं नाही. कारण त्याचं कार्ड वरच्या श्रेणीचं होतं. जेटीवर रांग नाही, वर वेगळी बसायची जागा, दोघांचं जेवण. शिवाय कॅसिनोच्या होस्टनेच, म्हणजे गिऱ्हाइकांची सोय बघणाऱ्या त्यांच्या माणसाने, सांगितलं होतं, "सर, घरातले सगळे एकाच कार्डावर खेळा, पॉइंट लवकर चढतात." त्यांचाच माणूस असं सांगत असताना मी काय वेगळं समजायचं होतं?

जुलै २०२५ मध्ये ९०,०००, सप्टेंबरमध्ये १,४०,०००, नोव्हेंबरमध्ये १,५५,०००. एकूण ३,८५,००० रुपयांच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, घेतल्या, सगळ्या माझ्या डेबिट कार्डावर. पण दर वेळी कॅशियरने आधी लॉयल्टी कार्ड मागितलं आणि मी मेहुण्याचं पुढे केलं. त्यामुळे पैसे माझ्या बँकेतून गेले आणि पावत्यांवर नाव त्याचं आलं. चिप्स घेताना पावतीवरचं नाव वाचा. मी तिन्ही वेळा न वाचता घडी करून खिशात टाकली.

पॉइंट कशावर मिळतात हे बहुतेकांना नीट माहीत नसतं. तुम्ही किती हरलात यावर नाही, किती लावलंत यावर. स्लॉट मशीनमध्ये (बटण दाबून खेळायचं यंत्र) कार्ड घातलेलं असेल तर प्रत्येक दाबाची रक्कम मोजली जाते. टेबलावर सुपरवायझर कार्ड घेतो आणि तुमची सरासरी बेट, म्हणजे एका डावाला लावलेली रक्कम, नजरेने ठरवून वेळेसह नोंदवतो. एका शून्याच्या रुलेटवर (आकड्यांच्या फिरत्या चाकावर) १,००० रुपयांची बेट, तासाला ३५ फेऱ्या, चार तास बसलात तर १,४०,००० रुपये फिरले. त्यावर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, म्हणजे तुमच्याकडून हिशोबाने ३,७८० रुपये त्यांना अपेक्षित असतात. त्यातलाच एक तुकडा खोली, जेवण, पॉइंट म्हणून परत येतो. फुकट काहीच नसतं, ते खेळणाऱ्याच्याच पैशातून येतं. आणि कार्ड दुसऱ्याचं असेल तर तो तुकडा दुसऱ्याच्या नावावर जमा होतो. दोन शून्यांचं चाक असेल तर तोच वाटा ५.२६ टक्के, तिथे बसूच नका.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. सप्टेंबरची फेरी, रात्रीचे पावणेएक. पॉइंटांवर हॉटेलची खोली घ्यावी म्हणून काउंटरवर गेलो. मुलीने कार्ड स्वाइप केलं आणि म्हणाली, "ओटीपी आला असेल सर." माझ्या फोनवर काही आलं नाही. मेहुण्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी काही सांगायच्या आत म्हणाला, "दाजी, एकोणचाळीस हजार आठशे झालेत. आज खोली नका घेऊ, श्रेणी खाली येईल. पुढच्या वेळी घ्या."

आकडा त्याला आधीच पाठ होता! समोरच्या स्क्रीनवरही तोच होता, ३९,८००. रात्री पावणेएकला जागा असलेला माणूस, माझ्या प्रत्येक बैठकीचा मेसेज ज्याच्या फोनवर जातोय, आणि जो मला माझेच पॉइंट वापरू देत नाहीये. तिथेच कार्ड परत करून स्वतःचं काढायला हवं होतं. मला वाटलं, तो माझ्यासाठी हिशोब ठेवतोय. बायकोचा धाकटा भाऊ, लग्नात माझा कान पिळणारा. त्याच्याबद्दल वाईट विचार मनात आणायचा तरी कसा?

नोव्हेंबरात स्लॉटवर १,१८,००० लागले. मशीन बंद पडलं, वर दिवा लागला, दोघे धावत आले आणि अभिनंदन केलं मेहुण्याच्या नावाने. मी माझं आधार दिलं. त्यांनी मशीनवरचं नाव पाहिलं, आधारवरचं पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. पंचावन्न मिनिटं मला खुर्चीवर बसवून ठेवलं. मग मॅनेजर आला आणि म्हणाला, कार्ड ज्याचं त्यालाच पैसे मिळतील, त्याने पॅन घेऊन यावं. बटण माझ्या बोटाने दाबलं हे त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. पण फुटेज पोलिसांशिवाय कुणाला देत नाहीत म्हणे.

कार्ड घातल्याने मशीन जास्त देतं ही समजूत साफ खोटी आहे. निकाल कार्डावर अवलंबून नसतो. कार्ड न घालता खेळलो असतो तर तेच पैसे तिथेच माझ्या पॅनवर मिळाले असते. हे लिहिताना हात थरथरतो.

मेहुणा दोन दिवसांनी आला, सही केली. ३० टक्के टीडीएस, म्हणजे ३५,४०० कापून ८२,६०० त्याच्या खात्यात गेले. मला दिले २५,०००. उरलेल्या ५७,६०० बद्दल म्हणाला, "दाजी, टीडीएस माझ्या पॅनवर कापलाय, आता माझं उत्पन्न वाढलं, कर भरायला लागणार." हे खोटं आहे, आणि कुणी तुम्हाला असं सांगितलं तर आकडा मांडून दाखवा. असल्या जिंकण्यावर सपाट ३० टक्के कर असतो, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ३१.२. म्हणजे ३६,८१६. त्यातले ३५,४०० आधीच कापलेले. राहिले १,४१६ रुपये. बाकी ५६,१८४ रुपये माझे आहेत. आणि हरलेले पैसे या जिंकण्यातून वजा करता येत नाहीत, तेही ध्यानात ठेवा.

नंतर कळलं की पॉइंटांवर त्याने सहा रात्रींच्या खोल्या घेतल्या आणि ओळखीच्या लोकांना रात्रीला ४,५०० ने दिल्या. २७,००० रुपये. माझ्या बैठकांचे.

मग सुरू झाले हेलपाटे. कॅसिनोने नियमांचं पान पुढे केलं: कार्ड हस्तांतरणीय नाही, गैरवापर झाल्यास खातं बंद. जवळपास प्रत्येक लॉयल्टी कार्डाच्या नियमांत हे वाक्य असतं. मग तुमचा होस्ट तोंडाने उलटं कसं सांगतो, विचारलं. होस्टने सोडून दिलंय, म्हणाले. ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाला, घरचं भांडण आहे, घरात मिटवा. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब नाहीत. तिसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही दुसऱ्याच्या नावावर खेळलात, आधी तुमच्यावरच बघावं लागेल. सायबर तक्रारीत उत्तर आलं की ओटीपी खातेदाराकडेच गेला, त्यामुळे फसवणूक दिसत नाही. सरकारी कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, पुढे काहीच नाही. परवाना शुल्क आणि कर घ्यायला सगळे आहेत, जीएसटी २८ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला, पण ज्याच्याकडून तो वसूल होतो त्याचं ऐकायला एक खिडकी नाही. वकिलाने करार कायदा १८७२ चं कलम ३० दाखवलं: पैजेचा करार निरर्थक, जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. माझा दावा कॅसिनोवर नाही, पैसे घेऊन बसलेल्या माणसावर आहे, असं म्हणता येईल. पण समोरचा पहिल्याच तारखेला हेच कलम काढेल आणि वर्षं जातील.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत खेळायला प्रवेश नाही. कोल्हापूरच्या मामाचं कार्ड घेऊन आत जाता येईल असं कुणी सांगत असेल तर लक्षात घ्या, अडकलात तर तक्रार करायलाही तोंड राहणार नाही. मी बाहेरचा, कायद्याने आत गेलेलो, तरी माझी ही गत झाली.

ज्यांच्या खिशात आत्ता दुसऱ्याचं कार्ड आहे त्यांनी टेबल सोडताना ते परत मागून घ्या, नाहीतर वेळ त्याच्या नावावर चालू राहतो. खात्याला कुणाचा मोबाइल जोडलाय ते विचारा. पॉइंटांचा उतारा फक्त खातेदारालाच देतात, मला दिला नाही. मोठी रक्कम लागली आणि मशीन बंद पडलं तर तिथून उठू नका, वेळ आणि मशीनचा नंबर लिहून घ्या, सोबतच्या माणसाला साक्षीला थांबवा. बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा, माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच उरलंय.

मेहुण्याला ५६,१८४ चा हिशोब ओळीओळीने लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. पोच परत आली, सही त्याचीच आहे. बायको म्हणते, दिवाळीला माहेरी जायचं की नाही ते सांगा.