एअरफिक्सचं १:७२ हाइन्केल हे-१११ पी-२: निम्मं काम काचेचं

विकत घेण्याआधी खोका नीट वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन बॉम्बफेकी विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचे एअरफिक्स कंपनीकडे १:७२ मापात दोन साचे आहेत: १९६२ चा एच-२० आणि २०१५ चा पी-२. जुन्यावर रिव्हेट पुरळासारखे उठलेत. हे परीक्षण नव्याचं. पंखांचा पसारा साधारण ३१४ मिमी भरतो, तेव्हा शेल्फवर फुटापेक्षा थोडी जास्त जागा मोकळी ठेवा.

पी म्हणजे डाइम्लर-बेन्झच्या डीबी ६०१ इंजिनांची आवृत्ती. ही इंजिनं मेसरश्मिट विमानांकडे वळवली गेली आणि एच मालिकेला युंकर्सची युमो २११ इंजिनं बसली. म्हणून एच विमानाचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा) याला लावू नका. इंजिनांची घरंच वेगळी दिसतात.

बॉम्बच्या कप्प्यात २५० किलोचे आठ बॉम्ब नाक वर करून उभे टांगलेले असत. दारं बंद ठेवणार असाल तर तिथे रंगकामात एक संध्याकाळ घालवू नका. स्पार (पंखांना आतून आधार देणारा दांडा) बसवताना मात्र जोडाच्या जागेवरचा रंग खरवडून काढा. रंगाचा एक थर राहिला तरी पंखाच्या मुळाशी फट पडते आणि पुट्टी भरत बसावं लागतं.

खरी परीक्षा नाकाची. ते मुद्दाम उजवीकडे सरकवलेलं आहे, पुढच्या मशीनगनचा वैमानिकाच्या नजरेला अडथळा होऊ नये म्हणून. डावं-उजवं सारखं दिसत नाही म्हणून घासत बसू नका. काचेवर टेप लावा, टूथपिकने चौकटीच्या कडेत दाबा आणि नव्या पात्याने कापा. जुनं पातं टेप कापत नाही, ओढतं. चौकटींवर आधी कॉकपिटच्या आतला रंग, मग बाहेरचा हिरवा. मग आतून पाहिलं तरी रंग बरोबर दिसतो. चिकटवायला फेव्हिकॉल. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकटते.

मिस्टर हॉबीचे रंग: पोटाला एच६७ (फिकट निळा), वर सगळीकडे एच६४ (गडद हिरवा), मग टेप लावून एच६५ चे (काळपट हिरवा) टोकदार पट्टे. हे दोन हिरवे इतके जवळचे की वाळल्यावर पट्टे गायब झाल्यासारखे वाटतात. एच६४ मध्ये आधीच थोडा एच७० (करडा) मिसळा.

डिकलआधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश हवंच. मॅट (खरखरीत) पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. जुलैतल्या दमट हवेत लॅकर वार्निश पांढरट पडतं, तेव्हा ते काम कोरड्या दिवसासाठी ठेवा. काचेवरची टेप अगदी शेवटी काढा.