जुनी मॅच रायफल घेताय? आधी सिलिंडरवरचं साल वाचा

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य घेतलं आणि आमच्या कोल्हापूर-सांगली भागातल्या रायफल क्लबांत पोरांची रीघ लागली. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, त्यामुळे उत्साह असणारच, आणि तो असावाच. पण स्पर्धेची नवी परदेशी एअर रायफल, म्हणजे मॅच रायफल, प्रत्येक घराला परवडत नाही. पालक जुनी शोधतात आणि नेमके तिथंच काही लोक गळ टाकून बसलेत. त्यातल्या एकानं आम्हाला दीड लाखाला गंडवलं. पैशाचं दुःख आहेच. मात्र त्यानं जे विकलं त्यातली एक वस्तू लेकरांच्या जिवावर उठणारी होती, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी मुलगी नववीत आहे, १० मीटर पीप साइटला (बारीक भोकातून नेम धरायच्या प्रकारात) खेळते. क्लबची रायफल चार जणांत फिरायची, प्रत्येकाच्या उंचीला बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग) पुन्हा जुळवायला लागायचं. स्वतःची हवी होती. ओळखीतल्या एका पालकाकडून या माणसाचा नंबर मिळाला. स्वतः नेमबाज होतो म्हणून सांगायचा, स्पर्धांच्या ठिकाणी दिसायचा, बोलणं अगदी घरच्यासारखं. "काका, भाचीची रायफल आहे, ती आता मेडिकलला गेली. कपाटात पडून आहे, कुणाच्या तरी लेकीच्या उपयोगी पडू दे." रायफलबरोबर दोन सिलिंडर (रायफलला लागणाऱ्या दाबाखालच्या हवेच्या नळ्या), जॅकेट-ट्राउझर आणि वर पेलेटचे, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्यांचे, दहा डबे. आम्ही क्लबवर मारून बघितली, ग्रुप चांगला आला, म्हणजे गोळ्या एकमेकींलगत लागल्या. अर्धे पैसे यूपीआयनं दिले, अर्धे त्यानं रोख मागितले. पावतीचं विचारलं तर म्हणाला, "घरची वस्तू, पावती कसली द्यायची?"

पुढच्याच स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या (साहित्य नियमात बसतं का ते तपासायच्या) टेबलावर सगळं उघडं पडलं. तिथल्या सरांनी रायफलचं वजन केलं, मग सिलिंडर काढून मोबाईलच्या टॉर्चखाली धरला आणि बराच वेळ नुसता फिरवत राहिले. मग मला जवळ बोलावलं. "हा आठ बघा."

सिलिंडरवर बनावटीचा महिना आणि साल कोरलेलं असतं, कामाचा दाब असतो, चाचणीचा दाब असतो. आमच्या सिलिंडरवर साल होतं २०१८. बाकीची अक्षरं यंत्रानं कोरलेली, एकसारख्या खोलीची. पण इंग्रजी आठाची फक्त उजवी बाजू तशी होती. डावीकडचे दोन्ही बाक उथळ, थोडे थरथरलेले, आणि त्यांच्या कडेला काळ्या मुलाम्याखालचा पांढरा धातू चमकत होता. तो मुळात तीन होता. २०१३ च्या तिनाचं तोंड कुणीतरी हाताच्या मशीननं बंद करून २०१८ केलं होतं. दुसऱ्या सिलिंडरवर तर सालाच्या जागी बारीक पॉलिश पेपर मारून वर नवे आकडे टाकले होते. बोट फिरवलं की तिथं किंचित खळगा लागायचा.

हे का केलं, तर मॅच रायफलच्या या सिलिंडरचं आयुष्य बनावटीपासून १० वर्षं धरतात. त्यानंतर तो वापरायचा नाही, असं कंपन्या स्वतःच सांगतात. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात सिलिंडर मुदतीत असणं ही खेळाडूची जबाबदारी आहे. म्हणजे पोर लाइनवर उभं राहायच्या आधीच परत पाठवलं जाऊ शकतं, आणि त्याला दोष कुणाला देणार? माझी मुलगी त्या दिवशी क्लबचा सिलिंडर लावून खेळली, तोही तिथल्या एका ताईंनी धावपळ करून आणून दिला म्हणून.

पण स्पर्धा गेली खड्ड्यात, जीव महत्त्वाचा. या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात. स्कूटरच्या टायरमध्ये साधारण २ बार असते, त्याच्या शंभरपट दाब त्या हातभर लांबीच्या नळीत असतो, आणि ती नळी नेम धरताना चेहऱ्यापासून जेमतेम हाताच्या अंतरावर असते. वर्षानुवर्षं भरून-रिकामा करून धातू थकतो, झडपेजवळचे आटे झिजतात, आत ओल गेली असेल तर गंजतो किंवा खाल्ला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. शिवाय ज्या ठिकाणी पॉलिश मारून धातू खरवडला तिथं भिंत आणखी पातळ झाली. एवढा विचार त्या माणसाच्या मनात आला नसेल, असं मला वाटत नाही. तो स्वतः सिलिंडर भरून दाखवत होता. त्याला माहीत होतं.

रायफलचं वयही खोटंच होतं. कंपनीला ईमेलनं सिरियल नंबर कळवला, तर उत्तर आलं की ती २०१२ ची. नव्या मॅच रायफलबरोबर कारखान्यात मारलेल्या पाच गोळ्यांचं कार्ड येतं, त्यावर त्याच रायफलचा नंबर असतो. यानं आम्हाला प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं असं कार्ड दाखवलं होतं. पाकिटाच्या पट्टीखाली नंबर झाकला गेला होता. पट्टी काढल्यावर दिसलं, नंबर दुसऱ्याच रायफलचा. तेव्हा कार्ड पाकिटातून बाहेर काढायला लावा आणि बॅरलजवळच्या नंबराशी अंक अन् अंक जुळवा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता पेलेट. दहाच्या दहा डब्यांवर नामांकित जर्मन कंपनीचं नाव, ५०० नगांचा डबा, वर ४.५० मिलिमीटर हेड साइज लिहिलेलं. डबे खरे होते, आतला माल बदललेला होता. मुलीचे गुण एकदम पडले, कधी १०.५, कधी ८.९, आणि ती रोज रडवेली होऊन घरी यायची की माझं पोझिशनच बिघडलंय. आमच्या सरांनी एक डबा पांढऱ्या कापडावर ओतला. कापडावर काळी भुकटी पडली. बऱ्याच पेलेटचा मागचा घेर चेपून अंड्याच्या आकाराचा झालेला. काही बॅरलमध्ये आपोआप घसरून जायचे, काही अंगठ्यानं दाबावे लागायचे. मग सोनाराच्या काट्यावर टाकले. रायफलचा मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. यातले कुठले ०.४८, कुठले ०.५६. साध्या सरावाचा माल चांगल्या डब्यात भरलेला.

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गुण जातो. तिथं असला पेलेट म्हणजे मुलाच्या मेहनतीवर दरोडा आहे. त्यापेक्षा वाईट म्हणजे पोर स्वतःवरच शंका घ्यायला लागतं. डब्याला मुळातलं सील असेल तरच घ्या, स्टिकरवरचा लॉट नंबर (एका खेपेत बनलेल्या मालाचा नंबर) बघा, आणि एकाच लॉटचे म्हणून दिलेल्या डब्यांवर तो खरंच एक आहे का तेही बघा. आधी एकच डबा घेऊन रायफल क्लॅम्पमध्ये बसवून पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारा. खांद्यावरून मारलेल्या ग्रुपवरून काही ठरवू नका, त्यात माणसाची चूक आणि पेलेटची चूक वेगळी करता येत नाही. हाताळून झाल्यावर हात धुवायला लावा, शिसं आहे.

जॅकेटबद्दल थोडक्यात: आयएसएसएफच्या मापात जाडी २.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि कडकपणाच्या गेजवर (मोजायच्या यंत्रावर) किमान ३ मिलिमीटर वाकावं लागतं. आमचं आत कॅनव्हासचा जादा थर शिवून कडक केलेलं निघालं. जुनं जॅकेट घ्यायच्या आधी क्लबच्या गेजवर लावा, एवढंच.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची आहे. याच माणसानं क्लबमधल्या एका मोठ्या मुलाला .२२ रायफलची 'परत भरलेली' काडतुसं स्वस्तात देतो म्हणून सांगितलं होतं. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्याचं पेटणारं मिश्रण तळाच्या कडेत आत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवरच आपटून ती चेपते. वापरलेलं आवरण पुन्हा नीट भरता येण्यासारखं नसतंच. कुणी खटपट करून भरलंच, तर दारू किती, मिश्रण कसलं, याचा भरवसा नाही, आणि ते फुटणार तुमच्या गालाशी. वरून शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं-विकणं हा गंभीर गुन्हा आहे. असली ऑफर आली तर पोरांनी ती आपसात ठेवू नये, त्याच दिवशी सरांना आणि घरी सांगावी. काडतुसं क्लबच्या किंवा परवान्याच्या रीतसर वाटेनंच घ्यायची.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली. यूपीआयच्या नोंदी, त्याचे मेसेज, कंपनीचं उत्तर, इक्विपमेंट कंट्रोलच्या सरांनी काढलेले त्या आठाचे फोटो, सगळं जोडलंय. ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा असतो, आणि तो जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या रोख दिलेल्या निम्म्या रकमेचा कागद नाही, तेवढाच मुद्दा तो आता धरून बसलाय. म्हणून कितीही घरची वस्तू असली तरी एका साध्या कागदावर रायफलचा नंबर, दोन्ही सिलिंडरचे नंबर आणि सालं, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या, आणि पैसे बँकेतूनच द्या.

तक्रार दिल्यापासून आणखी दोन घरांतून फोन आले. दोघांकडेही याच माणसाचे सिलिंडर, दोघांची मुलं रोज भरून वापरत होती. दोघांनाही तेच सांगितलं: हवा हळूहळू पूर्ण सोडा, पुन्हा भरू नका, आणि भंगारातही देऊ नका, कारण तिथून तो परत कुणाच्या तरी हातात जाईल. पुरावा म्हणून पोलिसांत जमा करा. ज्यांच्या घरी जुना सिलिंडर आहे त्यांनी आजच टॉर्च लावून सालातला प्रत्येक आकडा बघा, विशेषतः आठ असेल तर.